घरटी एक माणूस

बाबा, आज वर्गात माझा हात उठला. उठला आणि पोरीच्या गालापाशी जाऊन थांबला, एवढंच माझं नशीब. रोह्याला नोकरीला आल्यापासून मी एकाही मुलावर हात टाकलेला नाही, आणि आता निवृत्तीला टेकलेली बाई मी, वादविवादाच्या सरावात एका नववीतल्या पोरीवर धावून गेले. विषय मीच दिला होता, कर जास्त कोणी भरावा, श्रीमंतांनी की गरिबांनी. पोरं नेहमीसारखी पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती. मग ही उठली. हुशार आहे, आवाज खणखणीत आहे. म्हणाली, गरिबांना सगळाच कर माफ करून टाकावा, मात्र मग त्यांनी कारभारात तोंड घालू नये. जो भरतो त्यानेच ठरवावं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला त्या टाळ्यांत आपल्या देवळासमोरचा तो दुपारचा गलका ऐकू आला, आणि पुढचं भान आलं तेव्हा माझा हात वर होता. तो हात तुझा होता, बाबा. नखांपासून मनगटापर्यंत तुझा. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मी तिला खाली बस म्हटलं, उगाच फळा पुसला, आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुला 'तू' म्हणतेय. आपल्याकडे बापाला कोणी अहो-जाहो करत नाही. शाळेत लागल्यावर पुण्याकडच्या बाया आपल्या वडिलांबद्दल बोलताना ऐकल्या आणि मीही मनातल्या मनात तुला 'तुम्ही' म्हणून पाहिलं, तर एकदम तलाठी दारात उभा राहिल्यासारखं वाटलं. तेव्हा तूच बरा. शिवाय मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते मान देऊन जमणार नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही. तुझं मारणं मात्र आवाजासकट आठवतं.

मी सातवीत होते. त्या वर्षी श्रावणाच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड पडली आणि खाडीचं खारं पाणी लावणी झालेल्या शेतात शिरलं. आपली खार, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली भातजमीन, तेव्हा सरकारकडे गेली नव्हती. बांध गावाचा, फुटला तर बुजवायचा गावानेच. त्याची पट्टी पैशात नसायची, माणसात असायची. घरटी एक माणूस. गावातल्या शेटची अर्धी खार होती आणि आपला खालच्या अंगाला एक तुकडा, बैल फिरवायला जागा पुरायची नाही एवढा; पण खांडीवर माणूस दोघांचाही एकच. आणि ज्या घराचा माणूस खांडीवर उभा राहिला, त्याच घराला उघाडीबद्दल बोलायचं तोंड. उघाडी म्हणजे बांधातलं ते लाकडी दार, ओहोटीला उघडलं की शेतातलं पाणी खाडीत जायचं. ते कधी उघडायचं आणि कधी बंद ठेवायचं यावर आपल्यासारख्या खालच्या अंगाच्या माणसांचा भात अवलंबून. मी हे आज नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितलं तर पोरांना गंमत वाटेल. आपल्या घरात ती गंमत नव्हती.

देवळासमोर गाव जमलं. आडव्या टाकलेल्या लाकडी मेढी, पेंढ्याचे भारे, फावडी, सगळं तयार. मी देवळाच्या पायरीवर धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी. शेट बोलायला उठला, आणि तो वाईट बोलला नाही हे आधी कबूल केलं पाहिजे. म्हणाला, "गोरगरिबांची हजेरी बुडते, पोरं उपाशी राहतात. मला बघवत नाही. या वेळी कोणी येऊ नका. मी माझी माणसं लावतो, माझ्या खर्चाने खांड बांधतो. सगळ्यांना पट्टी माफ." बायांनी तिथल्या तिथे हात जोडले. आई पण त्यात होती. तू पावसात मिठाच्या वखारीवर पोती उचलायला जायचास, गेलास तर त्या दिवसाची हजेरी, नाही गेलास तर घरात चूल पेटायची नाही. तिने हात जोडू नयेत तर काय करावं? मग गावकीतला म्हातारा, जो अशा वेळी घरं मोजायचा, तो खाकरला आणि म्हणाला, "माफी कनाला? जमिनीच्या मानानं मानसं घाला. शेटची खार मोठी, त्यांनी धा मानसं द्यावी, बारक्यांनी एक द्यावा." हे मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. शेट हसून म्हणाला, "धा देतो की. मग उघाडीवर माझी धा तोंडं धरा." म्हातारा खाली बसला. गावात कोणालाच उत्तर सुचलं नाही. जास्त देणारा जास्त बोलणार, हे त्यांना सूर्य उगवण्याइतकं साधं वाटत होतं. जास्त द्यायचं आणि तोंड मात्र सगळ्यांचं सारखंच ठेवायचं, असंही करता येतं, हे मी फार पुढे पुस्तकात वाचलं, आणि वाचताना मला देवळासमोरच्या त्या शांततेची चीड आली.

तू उठलास. "मना माफी नको," म्हणालास. "तुझा एक, माझा एक. आजवर चाललंय तसं."

"अरे, पोरांचं तोंड बघ तुझ्या."

"पोरांचं मी बघीन. आज पट्टी माफ करशील, उद्या उघाडी बंद ठेवशील. माझ्या शेतात पाणी तुंबवून तुला जिताडं पाळायची हायेत. सगल्यांना म्हाईत हाय, बोलत कोनी नाय."

खरं होतं ते. शेटचे जिताडे पेणच्या बाजारात काय भावाने जायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं. भातापेक्षा मासळी बरी, आणि भात बुडणार तो खालच्यांचा. शेटचा चेहरा बदलला, पण तो हसायचं सोडेना. "फुकट देतोय तर नको म्हणतो," तो लोकांकडे वळून म्हणाला, "भिकाऱ्याला माज बघा केवढा." तू वाकून मेढ उचललीस आणि त्याच्या डोक्यात घातलीस. लाकडाचा आणि कवटीचा आवाज कसा येतो ते मला तेव्हा कळलं. कोरडा येतो. शेट बसल्यासारखा खाली गेला, रक्त कानामागून सदऱ्यात उतरलं, आणि मग तुझ्यावर माणसं तुटून पडली. शेटच्या भावाने फावड्याचा दांडा घेतला. तू पडलास तरी तो मारत होता, आणि तू पडल्या पडल्या ओरडत होतास, "माझा एक, तुझा एक!" तुझा उजवा हात कोपराखाली वाकायला नको तिथे वाकला. धाकटा माझ्या काखेत हसत होता, त्याला वाटलं खेळ चाललाय.

पोलिसांत कोणी गेलं नाही. पेणच्या दवाखान्यात शेटच्या डोक्याला टाके पडले आणि तुझ्या हाताला प्लास्टर, आणि दोघेही एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसला होतात म्हणे. गडबच्या फाट्याला एस्टीतून उतरून तू शेतातून चालत आलास, हात गळ्यात, तोंड सुजलेलं, आणि डोळ्यांत असं तेज की जणू लग्नाहून येतोयस. आई चुलीशी होती. तिने पाणी दिलं आणि मग तिचं तोंड सुटलं. "माफी घेतली असतीस तर नाक कापलं असतं तुझं? हजेरी गेली, हात गेला. आता खांडीवर कोन जाईल, तुझा मेलेला बापूस?" तू म्हणालास, "मिंधा नाय व्हायचा मी कोनाचा." ती म्हणाली, "मिंधी तर मी हाय, तुझी. मी उपाशी राहाते म्हनून तू ताठ उभा राहातोस." तिचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच तू तिला डाव्या हाताने मारलंस. ती चुलीच्या कडेवर आदळली, तिचा तळहात निखाऱ्यावर पडला. कातडी भाजल्याचा वास आणि भाकरी करपल्याचा वास एकत्र आला. तोवर मला वाटायचं की मारायचा हात उजवा असतो आणि तो आता प्लास्टरमध्ये आहे, म्हणजे महिना-दीड महिना तरी घरात शांतता. तुझा डावाही तितकाच तयार होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात शिकवते तेव्हा मला उदाहरण शोधावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने तळहाताला तेल लावून फडकं बांधलं, घमेलं घेतलं आणि ती खांडीवर गेली. तू जा म्हणाला नव्हतास, नको जाऊ असंही म्हणाला नव्हतास. बाईची पट्टी कशी धरायचे ते तुला ठाऊक होतंच. काम फक्त ओहोटीला व्हायचं, पाणी उतरलं की. पुरुष एक ओहोटी काम करायचा आणि त्याचा दिवस भरायचा. बाई अर्धं माणूस, तिने दिवसाच्या दोन्ही ओहोट्या भरायच्या तेव्हा एक माणूस पुरा. म्हणजे सगळ्यांना सारखी असलेली तुझी ती पट्टी आपल्या घरात आल्यावर दुप्पट झाली. मी शाळा सोडून तिला भाकरी आणि सुकट घेऊन जायचे. शेटच्या माणसांची आणि तुझं बघून माफी नाकारलेल्या खालच्या घरांच्या पुरुषांची रांग असायची, चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात खांडीपर्यंत जायचे. आईला रांगेत कोणी घेत नव्हतं. ती एकटी कापायची, एकटी घमेल्यात भरायची, एकटी मांडीभर चिखलातून नेऊन टाकायची. कालवांनी तिच्या पोटऱ्या चिरल्या होत्या आणि खारं पाणी त्यात झोंबायचं. शेटचा भाऊ बांधावरून ओरडायचा, "काय गो, नवरा घरी लपला आन तुला धाडली?" ती वर बघायचीसुद्धा नाही. एकदा एवढंच झालं की तिने टाकलेला चिखलाचा गोळा त्याच्या पायांवर फुटला, आणि तो मुद्दाम होता की नाही हे ठरवायला तिने त्याला वेळ दिला नाही, ती पुढच्या घमेल्याला गेली.

आणि तू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचास, "माझं घर खांडीवर हाय." मी आत धाकट्याला भरवत ते ऐकायचे. घर म्हणजे कोण, ते तू एकदाही बोलला नाहीस. मला तुझ्या तोंडावर थुंकावंसं वाटायचं, बाबा. आणि तरी मी शाळेतल्या मैत्रिणींना तीच गोष्ट अभिमानाने सांगायचे, की माझ्या बापाने शेटचं डोकं फोडलं आणि माफी नाकारली. तू माफीबद्दल बरोबरच होतास, ते मी तुझ्यापासून काढून घेणार नाही. देणारा कुठलीच गोष्ट माफ करत नाही, तो फक्त दार आपल्या बाजूने बंद करतो. माफी घेतलेली घरं त्या पावसात खुशीत होती, त्यांचे पुरुष वखारीवर आणि भातगिरणीवर हमालीला जात होते, त्यांच्या घरी संध्याकाळी भात शिजत होता. पुढचं उधाण येईपर्यंत.

उधाणाच्या आत खांड बुजली. मग पुन्हा देवळासमोर सगळे जमले, उघाडी उघडून पाणी काढायचं आणि उरलेल्या रोपांनी दुबार लावणी करायची, की यंदा पाणी तसंच ठेवायचं, ते ठरवायला. माफी घेतलेली घरं कडेला उभी. त्यांतल्या एकाने तोंड उघडलं तर शेटचा भाऊ म्हणाला, "तू कुठं होतास खांडीवर?" आणि तो परत कडेला सरकला. म्हाताऱ्याने बाकीची घरं मोजली. शेटकडे त्याच्या नात्यातली, कुळांतली घरं, इकडे खालच्या अंगाची. दोन्हीकडे सारखीच झाली आणि आपलं एक उरलं. शेट डोक्याला फडकं बांधून खुर्चीवर बसला होता. त्याचा भाऊ म्हणाला, "यांचा पुरुष खांडीवर नव्हता. बाईला तोंड नाय." म्हातारा म्हणाला, "बाईनं दोन्ही ओहोट्या भरल्यान. आमच्या डोळ्यांदेखत. पुरा मानूस झाला." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तुला फक्त व्हय म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात तुझ्यासाठी ते म्हटलंसुद्धा.

तू म्हणालास, "बायकोच्या पदरामागून बोलायचा नाय मी. ती काय, चिखल टाकायला जेली व्हती. माझं रगत सांडलंय हिथं. मोजायचं तर मना मोजा, तिला मोजू नका."

म्हातारा बावरला. "अरे, पन तू खांडीवर नव्हतास ना रे," तो म्हणाला. "तिला नाय मोजायची, तर तुझ्या घराचा कोनीच नव्हता." शेटचा भाऊ मांडीवर थाप मारून हसला. "झालं की मग! त्याच्याच तोंडानं झालं." तेव्हा कुठे तुला कळलं. धाकट्याला काखेत घेऊन मी पायरीवरून तुझा चेहरा बघत होते म्हणून मला माहीत आहे. ज्यासाठी डोकं फोडलंस आणि हात मोडून घेतलास, ते तू एका वाक्यात घालवलंस, आणि तरीही तुझ्याच्याने ते वाक्य मागे घेववेना. आपला तुकडा जात होता, खालच्या सगळ्यांचे जात होते, आणि तू बायकोचं नाव घ्यायला लाजत होतास.

आई बायांमधून निघाली. अशा वेळी बाया देवळाच्या मागच्या अंगाला उभ्या राहायच्या, त्या कधी पुढे यायच्या नाहीत. ती आली. पायांवरच्या चिरा अजून ओल्या होत्या, ती लंगडत होती. तुझ्यासमोर उभी राहिली आणि तिने तुझ्या मुस्कटात मारली. भाजलेल्या हाताने. फडक्यातून रक्त आलं ते तुझ्या गालावर लागलं. "कोन व्हता खांडीवर?" तिने विचारलं. तिने दुसरी मारली, तुझा ओठ फुटला. "सांग ना गावाला. कोन व्हता?" कोणी हसलं नाही, शेटचा भाऊसुद्धा नाही. पावसाची भुरभुर होती आणि सगळं गाव त्यात भिजत उभं होतं. तिने हात तिसऱ्यांदा उचलला.

"तू," तू म्हणालास.

"मोठ्यानं."

"तू व्हतीस."

म्हाताऱ्याने शेटकडे बघितलंसुद्धा नाही. "पुरं घर," तो म्हणाला. "उघाडी उघडा." त्याच ओहोटीला पाणी गेलं. भात त्या वर्षी विरळ आला, दाण्यात खारटपणा होता, पण आपला आला आणि खालच्या सगळ्यांचा आला. माफी घेतलेल्यांचासुद्धा आला, ज्यांना बोलायचं तोंड नव्हतं त्यांचासुद्धा. मी आज वर्गात हे सांगायला हवं होतं, हात उगारण्याऐवजी. उद्या सांगेन बहुतेक, आणि त्या पोरीची माफी मागेन. तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे चांगली उत्तरं आहेत. मारायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी कोयता लपवला होता, गवताच्या भाऱ्यात. मला खात्री होती की तू तिला जिवंत ठेवणार नाहीस. तू ओट्यावर बसून राहिलास. मग आत आलास, पाटावर बसलास आणि म्हणालास, "वाढ." आई म्हणाली, "डावा हात हाय ना? घे." तू घेतलंस. डाव्या हाताने भात वाढून घेताना निम्मा जमिनीवर सांडला, तो तू वेचून ताटात घेतलास. त्यानंतर तू तिच्यावर हात उचलला नाहीस. चांगला झालास असं काही नाही, शिव्या देत राहिलास, आम्हाला मारत राहिलास, दारू वाढली. तिच्याशी मात्र तू अगदी थोडं बोलायचास, भाड्याने राहणाऱ्याने घरमालकिणीशी बोलावं तसं.

आई माझ्याकडेच असते आता. बाहेरच्या खोलीत झोपली आहे. काय लिहितेस म्हणून मघाशी विचारून गेली, मी पेपर तपासतेय म्हटलं. तुला हे पाठवायचा प्रश्नच नाही, पण मी तिलाही वाचून दाखवणार नाही, आणि त्याचं कारण हे शेवटचं आहे. तिने तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. तू डोळे घट्ट मिटलेस, मान खांद्यात ओढलीस आणि प्लास्टरचा हात तोंडापुढे धरलास. आम्ही धरायचो तसाच, बाबा. तुझ्यासमोर मी आणि आई अगदी तसाच धरायचो. त्या क्षणी तिच्या बाजूने एवढं सगळं खरं असताना, तिच्या पायांतून रक्त येत असताना, मला तिचाच राग आला. धाकट्याला खाली ठेवून मी दोन पायऱ्या उतरलेही होते, तिचा हात धरायला.